वाक्यासकट शब्द

इंग्रजी परभाषा म्हणून शिकणाऱ्यांचा नावाजलेला कोश आकाराला आला तो टोकियोत. ए. एस. हॉर्नबी १९२४ साली शिकवायला जपानला गेले. दोन सहकाऱ्यांसह त्यांनी केलेला कोश १९४२मध्ये, ऐन युद्धात, जपानी प्रकाशकाने काढला. १९४८मध्ये ऑक्सफर्डने तो पुन्हा छापला. आजचा 'ऑक्सफर्ड अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स' त्याचाच वारस.

हॉर्नबींचा भर क्रियापदामागेपुढे काय येतं यावर, आणि ते वाक्यातच दिसतं. विशेषणांचंही तसंच: पाऊस 'हेवी' असतो, चहा 'स्ट्राँग'. अदलाबदल केली तर व्याकरण शाबूत राहतं, पण ऐकणारा अडखळतो. नुसत्या अर्थांच्या याद्या घोकणाऱ्याला (स्पर्धा परीक्षांच्या गाइडांत त्यांचाच सुकाळ) हे कळायला मार्ग नाही.

तरी हॉर्नबींच्या कोशातली उदाहरणादाखलची वाक्यं बव्हंशी संपादकांनीच रचलेली. १९८७च्या 'कोबिल्ड' कोशाने तो शिरस्ता मोडला. बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर यांच्या गटाने संगणकावर साठवलेल्या खऱ्याखुऱ्या लिखाणा-बोलण्यातून उदाहरणं उचलली. ती कधी ओबडधोबड वाटतात, मागचापुढचा संदर्भ तुटलेला असतो. नवख्याला हॉर्नबींची घडीव वाक्यं बरी. इंग्रजी वर्तमानपत्र वाचता येऊ लागलं, की कोबिल्ड उघडावा.