पाच छर्रे एका जागी
लातूर-नांदेडकडची पोरं माझ्याकडे एअर रायफल शिकायला येतात ती बहुतेक एनसीसीतून. लातूरला ५३ महाराष्ट्र बटालियन, नांदेडला ५२. पॉइंट टू-टूची रायफल त्यांनी तिथं पालथं पडून चालवलेली असते. १ ऑगस्ट २०२४ ला कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलचं कांस्यपदक घेतलं, तेव्हापासून आईवडीलही सोबत येतात.

पहिल्या दिवशी मी छर्रा हातात देत नाही. रिकामी रायफलही कुणाकडे रोखायची नाही, हे आधी अंगवळणी पडलं पाहिजे. यात मी कुणाचं ऐकत नाही. मग उभं राहणं. डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकलं की वजन हाडं पेलतात. नुसत्या दंडानं पेललं तर हात थरथरतो. नेम धरून डोळे मिटायला सांगते. उघडल्यावर नळी सरकलेली दिसली, तर हात नव्हे, पावलं हलवायची.

१० मीटर एअर रायफलमध्ये दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा. नवशिका तोच शोधत बसतो. पाहायचं असतं नळीच्या टोकावरच्या माशीच्या कड्याकडे: कड्यात काळं वर्तुळ मधोमध, भोवती सारखी पांढरी फट. श्वास थोडा सोडून थांबायचं, चाप हळूहळू दाबत न्यायचा. आठ-दहा सेकंदांत छर्रा सुटला नाही, तर रायफल खाली. थकलेला डोळा खोटं चित्र दाखवतो.

पाचही छर्रे डावीकडे, खाली, पण रुपयाएवढ्या जागेत पडले, तर मी शाबासकी देते. साईटचे स्क्रू फिरवून तो गट मध्यावर आणता येतो. एक दहावर आणि चार विखुरलेले असले, तर ते पोर कोऱ्या भिंतीसमोर, पुन्हा छर्र्याविना सरावाला.