कल्याणच्या पुढे : बदलापूर

कल्याणपर्यंत मध्य रेल्वे ऐसपैस आहे. जलद गाड्यांचे रूळ वेगळे, धिम्यांचे वेगळे. कल्याणनंतर एक फाटा कसाऱ्याकडे वळतो, दुसरा कर्जतकडे, आणि या दुसऱ्या फाट्यावर उरतात फक्त दोन मार्ग, एक अप आणि एक डाउन. लोकल त्यावरूनच, पुण्याकडच्या एक्स्प्रेस त्यावरूनच आणि मालगाड्याही त्यावरूनच. सीएसएमटीपासून सुमारे ६८ किलोमीटरवरचं बदलापूर या दोन मार्गांच्या भरवशावर वाढलं आहे.

वाढलं म्हणजे किती? २००१च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या लाखाच्या आतच होती. २०११मध्ये ती १ लाख ७४ हजारांवर गेली. २०२१ची जनगणना झालीच नाही. पण सकाळी सातच्या सुमारास पुलावरून फलाटावर उतरणारी गर्दी पाहिली की आकड्याची वाट पाहावीशी वाटत नाही. लालबाग-परळच्या चाळीतून डोंबिवलीला गेलेल्यांची पुढची पिढी इथे आली, कारण डोंबिवलीत वन रूम किचन येईल तेवढ्या पैशांत इथे वन बीएचके येत होता. बिल्डरांनी या पट्ट्याला ‘चौथी मुंबई’ म्हणून पाहिलं. तिसरी कुठे संपली, हे मात्र कोणी विचारू नये.

बदलापुरात गाडीत चढणं हे एक शास्त्र आहे. बदलापूरहून सुटणारी लोकल आधी डाउन येते, आणि येतानाच तिच्यात उल्हासनगर-अंबरनाथकडची मंडळी बसलेली असतात. ती उतरतच नाहीत, त्याच गाडीने परत मुंबईला जातात. म्हणजे गाडी सुटणार बदलापूरहून आणि बदलापूरकराच्या वाट्याला चौथी सीट, तीही मिळाली तर! यावरून होणारी भांडणं जुनी आहेत, आणि दोन्ही बाजूंचं म्हणणं खरं आहे. कल्याण-बदलापूर तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेचं काम काढलंय. कांजूरमार्ग-बदलापूर मेट्रो मात्र अजून कागदावरून उतरायची आहे.

स्टेशनच्या पूर्वेला कुळगाव, कात्रप, शिरगाव, खरवई. पश्चिमेला बेलवली, मांजर्ली, हेंद्रेपाडा, वालिवली. नावं सगळी गावांची आणि पाड्यांची आहेत, इमारती मात्र लिफ्टच्या. हे गाव १९८३मध्ये कल्याण महापालिकेत घातलं गेलं, नव्वदच्या दशकात पुन्हा बाहेर पडलं आणि त्याची कुळगाव-बदलापूर नगरपरिषद झाली. दोन गावांचं जोडनाव पाटीवर राहिलं. बोलताना कुळगाव कधीच गळून पडलं. पूर्वेच्या गॅलरीतून चंदेरी आणि तावलीचे डोंगर दिसतात. फ्लॅटच्या जाहिरातीत हे डोंगर हमखास असतात. समोरचा टॉवर उभा राहीपर्यंत ते गॅलरीतूनही दिसतात.

पश्चिमेला उल्हास नदी आहे, आणि बदलापूरबद्दल बोलताना तिला वगळून चालत नाही. शहराला महाराष्ट्र जीवन प्राधिकरणामार्फत पाणी मिळतं ते या नदीवरच्या बंधाऱ्यातून. जवळच एमआयडीसीचं बारवी धरण आहे. त्याच्यावर ठाणे जिल्ह्यातल्या कितीतरी शहरांची आणि कारखान्यांची तहान भागते. पण पावसाळ्यात हीच नदी हेंद्रेपाडा, वालिवली भागांत घरात येते. २६ जुलै २००५ जुन्या रहिवाशांना पाठ आहे. २७ जुलै २०१९ला तर बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बोटींतून बाहेर काढावं लागलं. देशाने त्या दिवशी बदलापूरचं नाव ऐकलं. त्याआधी ऐकलं होतं ते २०१५च्या हिंदी सिनेमामुळे. त्यातला नायक जगापासून दूर राहायला बदलापूरला येतो. इतकी माणसं इथे एकांतासाठी आली असती तर लोकलमध्ये उभं राहायला तरी जागा मिळाली असती.

मला हे गाव सर्वांत खरं वाटतं ते जून-जुलैत, स्टेशनबाहेर. ठाकूर-कातकरी बायका डोक्यावर पाट्या घेऊन येतात. आधी जांभळं येतात, पानांच्या द्रोणात मांडलेली. बदलापूरच्या जांभळाला आता भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. मग पाऊस धरला की शेवळं, कंटोळी, टाकळा, भारंगी. शेवळांबरोबर काकडं घ्यायची, नाहीतर घसा खाजतो, हे नव्या गिऱ्हाइकाला विकणारीच सांगते. ज्या झाडांखालून ही जांभळं येतात, ती बांधकामांखाली जाणाऱ्या जमिनीवरच उभी आहेत. मानांकन फळाला मिळालं, झाडाला नाही.

शहराला वाचनाचंही वेड आहे. दुर्मीळ मराठी पुस्तकं आणि जुनी नियतकालिकं शोधत ‘ग्रंथसखा’ वाचनालयात बाहेरगावचे अभ्यासक येतात. सुट्टीच्या दिवशी गर्दी असते ती कोंडेश्वरला. शंकराचं देऊळ, शेजारी धबधबा आणि कुंड. या कुंडात दरवर्षी कोणीतरी जीव गमावतो, म्हणून पावसाळ्यात तिथे जायला बंदी घातली जाते. बंदी मोडणारेही दरवर्षी असतात.

इथे घर घ्यायला येणारे पहिल्यांदा स्टेशन किती मिनिटांवर ते विचारतात आणि एजंट शेअर रिक्षाच्या हिशेबाने उत्तर देतो. जाणते लोक आधी पूररेषा विचारतात. निळी रेषा कुठून जाते, लाल कुठून, हे नकाशावर पाहायचं, आणि मग तळमजल्यावरच्या एखाद्या आजीला गाठून पाणी भिंतीवर कुठपर्यंत चढलं होतं ते विचारायचं. ती हाताने दाखवते.