बसणाऱ्याच्या मापाची खुर्ची



लग्नसराईत मांडववाल्याचा टेम्पो गावात शिरला की त्यातून आधी उतरते ती प्लॅस्टिकच्या खुर्च्यांची चळत. दोन पोरे दोन बाजूंनी धरून दहा-दहा खुर्च्या एका खेपेत नेतात. अर्ध्या तासात आख्खी वऱ्हाडी मंडळी बसलेली! हे दृश्य आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की त्यात काही विशेष आहे असे कुणाला वाटत नाही.

माझ्या लहानपणी, म्हणजे १९८५-९० च्या सुमारास, आमच्या शाळेत घडीची लोखंडी खुर्ची एकच होती. तपासणीला साहेब आले की ती पुसून बाहेर यायची. एरवी सारे गाव पारावर, ओट्यावर, नाहीतर घोंगडीवर बसे. खुर्ची हा शब्द आपल्याकडे अरबी-फारसीतून आला आणि येताना सत्तेचा दिमाख घेऊनच आला. १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली, तेव्हा जो तिकीट काढील त्याला बसायला जागा, असा एक नवा शिरस्ता आपल्या रस्त्यावर आला. गाडीतली ही समता घराच्या ओसरीवर पोचायला मात्र पुढे बराच काळ जावा लागला, आणि ती पोचवली या प्लॅस्टिकच्या खुर्चीने.

खुर्ची स्वस्त आणि सर्वांची करावी, ही धडपड जुनी आहे. व्हिएन्नाच्या थोनेट कारखान्याने १८५९ साली वाफेवर लाकूड वाकवून सहा भागांची खुर्ची काढली. भाग सुटे करून छत्तीस खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात बसत. मुंबई-पुण्याच्या इराणी हॉटेलांत वाकवलेल्या लाकडाच्या ज्या काळसर खुर्च्या आपण पाहिल्या असतील, त्या याच कुळातल्या. पुढे १९७२ साली आंरी मासोने या फ्रेंच गृहस्थाने प्लॅस्टिकची अख्खी खुर्ची दोन मिनिटांच्या आत साच्यातून काढून दाखवली. आपल्याकडे ते साल मोठ्या दुष्काळाचे. आपली माणसे तेव्हा खडी फोडायला उकिडवी बसली होती. आज अशा खुर्च्या करणाऱ्या मुंबईच्या नीलकमल कंपनीचा एक कारखाना सिन्नरला, म्हणजे आपल्या संगमनेर तालुक्याच्या शेजारीच आहे.

ही खुर्ची होते कशी? पॉलिप्रॉपिलीन नावाच्या प्लॅस्टिकचे दाणे वितळवायचे, तो रस मोठ्या दाबाने पोलादी साच्यात सोडायचा आणि थंड झाल्यावर साचा उघडायचा. पाठीपासून पायापर्यंत सारे एकसंध. ना सांधा, ना खिळा. साचा अतिशय महाग असतो, म्हणून त्यातून लाखो खुर्च्या निघाल्या तरच एक खुर्ची स्वस्त पडते.

पण इतके पातळ प्लॅस्टिक माणसाचे वजन पेलते कसे? शिक्षकबंधूंनी वर्गात एक प्रयोग जरूर करावा. पोस्टकार्ड उभे धरून वरून दाबा, ते वाकेल. तेच मधोमध दुमडून काटकोनात उभे करा, त्यावर खडूची पेटी राहील. खुर्चीचा पाय खालून पाहा, तोही असाच दुमडलेला आहे. बैठकीच्या कडा खाली वळवल्या आहेत त्याही याचसाठी. पाठीतल्या फटींनी हवा खेळते आणि मालही वाचतो. पाय बाहेर फाकलेले असतात म्हणून एकात एक खुर्ची बसते.

गुण सांगितले, आता दोष. उन्हात राहून हे प्लॅस्टिक ठिसूळ होते. बोट फिरवल्यावर पांढरी भुकटी लागली तर ती खुर्ची बसण्यातून गेली असे समजावे. दुसरा धोका गुळगुळीत फरशीचा. माझी आत्या ओल्या फरशीवर अशाच खुर्चीत मागे रेलली, मागचे पाय फाकले आणि आत्या जमिनीवर. हाड मोडले नाही एवढेच. पण तेव्हापासून ती खुर्ची भिंतीला टेकवूनच बसते.

खरी अडचण याहून खोल आहे. साचा एक आणि माणसे अनेक. बाजारातल्या बहुतेक खुर्च्यांची बैठक जमिनीपासून सोळा ते अठरा इंच असते. आपले माप काय? चपला घालून बसावे आणि गुडघ्यामागच्या खळगीपासून जमिनीपर्यंत टेप लावावा. बैठक याहून उंच असली तर पाय लोंबकळतात, मांडीखाली कड रुतते आणि मुंग्या येतात. चौथीतल्या मुलाचे हे माप तेरा-चौदा इंचांच्या आसपास भरेल. त्याला मोठ्यांच्या खुर्चीत बसवून ‘नीट बस, चुळबुळ करू नकोस’ म्हणून दटावण्यात काय अर्थ? म्हाताऱ्या माणसाचे उलटे. त्याला बैठक थोडी उंच हवी आणि उठताना रेटा द्यायला भक्कम हात हवेत. अहमदाबादच्या राष्ट्रीय अभिकल्प संस्थेने १९९७ साली देबकुमार चक्रवर्ती यांचे भारतीय शरीरमापांचे पुस्तक काढले ते याच गरजेतून. परदेशी अंगाची मापे आपल्याला किती दिवस चालवायची?

आणि आता गावोगावच्या सिमेंटच्या बाकड्यांकडे पाहा. देवळापुढे, ग्रामपंचायतीसमोर, स्मशानात. पाठीवर कुणाच्या तरी स्मरणार्थ नाव. ही बाकडी मोडत नाहीत, चोरीला जात नाहीत, हा त्यांचा मोठाच गुण. पण दुपारी ती तव्यासारखी तापतात आणि बहुतेकांना हात नसतात. त्यामुळे ज्यांच्यासाठी ती मांडली ते आजोबा काठी रोवून, शेजाऱ्याचा खांदा धरून उठतात. बाकडे लिंबाच्या सावलीत पूर्वेच्या अंगाला टाकले तर दुपारनंतरचे ऊन टळते, आणि त्याला काही जास्तीचा खर्च नाही.

आमच्या गावात यंदा चार नवी बाकडी यायची आहेत. त्यांपैकी दोन तरी हाताची घ्यावीत, आणि ठरवण्याआधी पारावरच्या पाच-सहा म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांना टेप लावावा, असे मी सुचवले आहे. सरपंच हसले, पण टेप कुठे मिळेल ते त्यांनी विचारले आहे.