पायली, शेर, पावशेर

गेल्या पावसाळ्यात गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा तालुक्यात एका अंगणवाडीत तासभर बसले होते. बाहेर रोवणीची घाई. गावातल्या बायाबापड्या बांधीतल्या चिखलात उतरलेल्या. आत तीन वर्षांची एक मुलगी फतकल मारून बसली होती आणि तिच्यापुढे सेविकाताईंनी घरून आणलेली जुनी मापं होती: पायली, शेर, पावशेर. ती पावशेर शेरात ठेवी, शेर पायलीत ठेवी आणि पुन्हा सगळं बाहेर काढी. एकदा तिनं शेर पावशेरात घालायचा प्रयत्न केला. तो जाईना. तिनं फिरवून पाहिला, दाबून पाहिला, क्षणभर थांबली आणि मग शेर खाली ठेवून पावशेर उचललं. ‘चुकलं’ असं तिला कुणी म्हणालं नाही, ते मापांनीच सांगितलं. अकरा वेळा तिनं हे केलं. शेजारी खिचडीच्या ताटल्या वाजू लागल्या, तरी तिची मान वर झाली नाही.

मारिया मॉन्टेसरींनी जे पाहिलं ते हेच. 6 जानेवारी 1907 रोजी रोमच्या सॅन लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांनी पहिलं बालगृह उघडलं. तिथली एक लहानगी लाकडी दट्टे त्यांच्या त्यांच्या खाचांत बसवत होती. तिनं ते काम चाळीसहून अधिक वेळा केलं. मॉन्टेसरी मुळात डॉक्टर. मूल चंचल असतं हा समज त्यांनी तिथं सोडला. हाताजोगं काम मिळालं की मूल एकाग्र होतं आणि आपली चूक आपणच दुरुस्त करतं, ही त्यांच्या पद्धतीची गाभ्याची गोष्ट. पुढचं सारं त्यातून आलं: मुलाच्या हाताला येईल एवढ्या उंचीची मांडणी, तीन ते सहा वर्षांची मुलं एकत्र, आणि कमी बोलून जास्त पाहणारी शिक्षिका.

भावनगर ते कोसबाड

ही दृष्टी आपल्याकडे रुजवली गिजुभाई बधेका यांनी. 1920 मध्ये भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत त्यांनी बालमंदिर सुरू केलं. तिथं त्यांना ताराबाई मोडक येऊन मिळाल्या. त्याआधी काही वर्षं ताराबाईंचा संसार अमरावतीत होता, म्हणजे विदर्भाचं पाणी त्यांनी प्यायलेलं. 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. 28 ऑक्टोबर 1931 रोजी लंडनच्या मॉन्टेसरी प्रशिक्षण महाविद्यालयात गांधीजी बोलले, तेव्हा हे शिक्षण गरिबांच्या मुलांनाही मिळावं, अशी आशा त्यांनी व्यक्त केली. मॉन्टेसरी स्वतः नोव्हेंबर 1939 मध्ये मद्रासला उतरल्या. गिजुभाई त्याच वर्षी जूनमध्ये गेले होते.

गांधीजींची ती आशा प्रत्यक्षात आणली ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी. 1945 मध्ये बोर्डी गावात ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू झालं. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. अंगणवाडी ही कल्पना तिथली. 1957 मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी तिथं कुरणशाळा भरली. महागड्या साधनांऐवजी बिया, पानं, शंख-शिंपले, दगड हातात आले.

2 ऑक्टोबर 1975 रोजी देशात 33 ठिकाणी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. मेळघाटातलं धारणी त्यांपैकी एक. बोर्डीच्या अंगणातला ‘अंगणवाडी’ हा शब्द सरकारी पाटीवर चढला आणि देशभर गेला.

धानाच्या मुलखात

1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला आमचा गोंदिया जिल्हा तळ्यांचा, राईसमिलचा आणि धानाचा. आता तालुक्याच्या गावांत ‘मॉन्टेसरी’ असं लिहिलेल्या रंगीत पाट्या दिसतात. पण पाटी वाचून थांबू नये, आत डोकावावं. साडेतीन वर्षांचं पोर बाकावर हाताची घडी घालून बसलंय, एकसुरात पाढे म्हणतंय, दुरेघी वहीत अक्षरं गिरवतंय, तर ती मॉन्टेसरी नव्हे. बोटांत अजून ताकद आली नसताना पेन्सिल दिली की लिहिणं शिक्षेसारखं वाटू लागतं. आधी ओतणं, वेचणं, वळणं, चिमटीनं उचलणं यायला हवं. अक्षर त्यानंतर.

दुसरी गोष्ट भाषेची. आमगाव-तिरोड्याकडे घरात पोवारी, देवरी-सालेकस्याकडे गोंडी, सीमेवर छत्तीसगढी, बाजारात हिंदी. अशा घरातून आलेल्या मुलाशी पहिल्याच दिवशी इंग्रजीत बोललं की ते मुकं होतं, आणि मग आपणच त्याला ‘लाजरा’ म्हणतो. सेविका गावातलीच असते, मुलाची बोली तिच्या कानावर असते. अंगणवाडीचं हे मोठं बळ आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ वर्षांचा पायाभूत टप्पा मानला आणि घरची भाषा महत्त्वाची मानली. 2023 मध्ये खेळणी आणि कोड्यांचा ‘जादुई पिटारा’ही आला. पण वजनं, लसीकरण, आहार, नोंदवह्या आणि मोबाईलवरची माहिती एवढं सगळं एकाच बाईच्या अंगावर असताना मुलाजवळ शांत बसून पाहायला तिला वेळ कुठून मिळणार? तिचा हा भार हलका करणं हीच बालशिक्षणाची पहिली सुधारणा ठरेल.

तीन वर्षांखालची मुलं तर अंगणवाडीत वजनाला आणि आहाराच्या पाकिटापुरतीच येतात. त्यांची शाळा म्हणजे घर, आणि रोवणी-कापणीत त्या शाळेची बाई म्हणजे आजी. ‘मन शोषून घेणारं असतं’ हे मॉन्टेसरींनी याच वयाबद्दल सांगितलं. हे सांगणारं त्यांचं पुस्तक 1949 मध्ये मद्रासच्या अड्यारहून निघालं. आजीला साधनं विकत आणायला नकोत. गडूतलं पाणी वाटीत ओतू द्यावं, धुतलेल्या वाट्या-ताटल्या लावू द्याव्यात. मात्र चिंचोके, हरभरे अशा बारीक गोष्टी या वयात हाती देऊ नयेत, त्या नाका-घशात अडकतात.

दिवाळी सरते, गावोगावी मंडईची जत्रा भरते, अंगणात नवं धान येतं. ते मोजायला बसाल तेव्हा घरच्या तीन वर्षांपुढच्या लहानग्याला हाकलू नका. नजरेसमोर बसवा आणि रिकामं पावशेर हातात द्या. थोडं धान सांडेल. ते गोळा करायलाही त्यालाच सांगा आणि त्याचं होईपर्यंत आपला हात मध्ये घालू नका.