फाशीवरचा सरकारी शिक्का

1 जुलै 2024 रोजी भारतीय दंड संहिता इतिहासजमा झाली. इंग्रजांच्या खुणा पुसल्याचा केवढा गजर झाला! 1950च्या आर्मी ॲक्टला मात्र कुणी हात लावला नाही, ही गोष्ट मला तेव्हापासून सलते आहे. त्याचा गाभा 1911च्या इंग्रजी अमदानीतल्या कायद्याचा आहे.

सत्र न्यायाधीशाने दिलेली फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही. जवानाचं तसं नाही. बंड किंवा शत्रूपुढे ठाणं सोडणं अशा गुन्ह्यांसाठी जनरल कोर्ट मार्शलला किमान पाच अधिकारी बसतात. पाचांपैकी चौघांचं मत पडलं की मृत्युदंड; दोर की गोळी, तेही तेच ठरवणार. मग शिक्षा कायम कोण करतं? केंद्र सरकार किंवा त्याने अधिकार दिलेला अधिकारी. निकाल पटला नाही, तर तो एकदा फेरविचारासाठी परत धाडण्याची मुभाही त्यांनाच. 1971च्या युद्धानंतर एका कॅप्टनला नुसती बडतर्फी झाली होती. कागद परत गेले आणि वर दोन वर्षांची कैद आली.

पहिली तीस वर्षं याची फारशी चर्चाच झाली नाही. 1982 साली बेदी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचे न्या. डी. ए. देसाई यांनी स्पष्ट लिहिलं, की पुरावा पुन्हा तपासणारं एकही अपील जवानाला नाही, ही ढळढळीत उणीव आहे. कायदा शिकणारे आम्ही तेव्हा हुरळलो होतो. आता बदल होणारच! पण दिल्लीतून एकच पालुपद ऐकू येई: शिस्त मोडेल. ज्यांचा कायदा आपण उचलला, त्या ब्रिटनने 1951मध्येच कोर्ट मार्शलवर अपील दिलं होतं. त्यांच्या फौजेची शिस्त कुठे मोडली? त्या दशकाचा शेवट तर फारच कडू झाला. 1990च्या मुखर्जी खटल्यात घटनापीठाने सांगितलं, की कोर्ट मार्शलला आणि शिक्षा कायम करणाऱ्यालाही कारणं लिहिण्याचं बंधन नाही. माणूस मारायचा आणि का, ते कागदावर उतरवायचंही नाही?

सशस्त्र दल न्यायाधिकरण उभं राहायला 2009 उजाडलं. बेदी निकालानंतर तब्बल 27 वर्षांनी अपील मिळालं, पण सरकारी शिक्का जागीच राहिला. फाशी कायम करण्याचा अधिकार संसदेने उच्च न्यायालयाकडे द्यावा आणि तोवर शिक्का मारणाऱ्याने निदान कारणं तरी लिहावीत.