नंबर कितवा आणि वाचक किती?

दिवाळी अंकासाठी जाहिरात मागायला गेलं की समोरचा विचारतो, ‘खप किती?’ वेबसाइटवाल्याला तोच माणूस विचारतो, ‘ट्रॅफिक किती?’ उत्तरादाखल बहुतेकदा कुठल्या तरी बाहेरच्या टूलचा स्क्रीनशॉट पुढे सरकवला जातो. त्यावर महिन्याच्या भेटी, जगातला क्रमांक, देशातला क्रमांक आणि वर चढणारा एक आलेख असतो. आकडा पार एककापर्यंत छापलेला असतो, त्यामुळे तो कुणीतरी मोजलाय असं वाटतं. पण तो मोजलेला नसतो. बांधलेला असतो, म्हणजे अंदाज बांधतात त्या अर्थाने.

वेबसाइटवर कोण आलं हे दोघांनाच थेट कळतं : ज्याच्या सर्व्हरवर ती आहे त्याला, आणि मालकाने आपल्या पानांत ज्याचा मोजणीचा कोड बसवला आहे त्याला. बाहेरच्या कंपनीला आत डोकावता येत नाही. मग ती काय करते? इंटरनेट वापरणाऱ्यांपैकी काही जणांच्या ब्राउझिंगची नोंद मिळवते आणि त्यावरून सगळ्यांचा हिशेब मांडते. ही नोंद येते ब्राउझरच्या एक्स्टेन्शनमधून, मोबाइल अ‍ॅपमधून किंवा दुसऱ्या कंपन्यांकडून विकत घेतलेल्या माहितीतून. अवास्ट या अँटिव्हायरस कंपनीची जम्पशॉट नावाची उपकंपनी वापरकर्त्यांच्या ब्राउझिंगची माहिती विकत होती. बातम्यांमधून गदारोळ झाल्यावर जानेवारी २०२० मध्ये ती बंद करावी लागली. आपण कुठे जातो याची नोंद कुणाच्या तरी हिशेबात जमा होत होती, हे अनेकांना तेव्हा पहिल्यांदा कळलं.

या क्षेत्रातलं सगळ्यात मोठं नाव होतं अलेक्सा. (बोलून गाणी लावणारी अलेक्सा वेगळी; ती बरीच नंतर आली. मालक मात्र एकच.) १९९६ मध्ये ब्रूस्टर काल आणि ब्रूस गिलियाट यांनी ही कंपनी काढली, १९९९ मध्ये अ‍ॅमेझॉनने ती विकत घेतली आणि १ मे २०२२ रोजी तिची क्रमवारी बंद झाली. एवढी वर्षं ‘अलेक्सा रँक’ हा वेबसाइटच्या लग्नाच्या बाजारातला पगाराचा आकडा होता. वेबसाइट विकताना, जाहिरातीचा दर ठरवताना, नुसती बढाई मारतानाही तोच सांगितला जायचा.

हा रँक म्हणजे वाचकसंख्या, असा सरसकट समज होता. प्रत्यक्षात सुरुवातीच्या काळात तो मुख्यतः अलेक्साचा टूलबार ज्यांच्या ब्राउझरमध्ये होता त्यांच्यावरच बेतलेला असे. २००८ मध्ये कंपनीने पद्धत बदलून इतर स्रोतही घेतले, तरी नमुना तो नमुनाच राहिला. रोजचे वेगळे वाचक आणि उघडलेली पानं यांचा तीन महिन्यांचा एकत्रित हिशेब करून क्रमांक लागायचा. म्हणजे त्यातून कळायचं ते इतकंच की त्या नमुन्यात तुम्ही कुणाच्या पुढे आणि कुणाच्या मागे आहात. पहिल्या आणि दहाव्या क्रमांकातलं अंतर अवाढव्य असू शकतं. पाच लाखाव्या आणि सहा लाखाव्या क्रमांकात मात्र रोजच्या मूठभर वाचकांचा फरक असतो. एक लाखाच्या पलीकडचे क्रमांक भरवशाचे धरू नका, असं खुद्द अलेक्साच सांगत असे. ते वाचायची तसदी कुणी घेतली नाही.

‘नमुना घेण्यात गैर काय? शितावरून भाताची परीक्षा होतेच की!’ होते, पण पातेलं ढवळलेलं असेल तर. टूलबार घालणारे लोक पातेल्यातले कुठलेही चार दाणे नव्हते. वेबसाइट चालवणारे, ‘एसईओ’ म्हणजे सर्च इंजिनात वेबसाइट वर आणायचं काम करणारे, डोमेन विकणारे यांचाच त्यात भरणा होता. त्यामुळे या मंडळींच्या आवडीच्या वेबसाइट वर दिसायच्या आणि घरात पाककृती वाचणारा माणूस हिशेबात यायचाच नाही. शिवाय हा टूलबार कॉम्प्युटरवरचा. आपल्याकडे २०१६ नंतर स्वस्त डेटामुळे जो प्रचंड मराठी वाचक इंटरनेटवर आला, तो फोनवरून आला.

लहान वेबसाइटचं काय होतं ते आकडेमोड करून बघा. समजा, टूलच्या नमुन्यात हजारात एक वापरकर्ता आहे. तुमच्याकडे महिन्याला तीन हजार वाचक येतात. म्हणजे नमुन्यातले साधारण तीन. त्यातला एक गणपतीला कोकणात गेला आणि आठवडाभर नेट मिळालं नाही, तर तुमचा आलेख घसरतो. उलट तुम्ही स्वतःच ते एक्स्टेन्शन घातलंत आणि दिवसभर स्वतःची पानं उघडत बसलात, तर नमुन्यातले तीन होतात चार आणि वेबसाइट ‘लोकप्रिय’ होते. ही कल्पनाशक्तीची भरारी नाही. मित्रांना टूलबार घालायला लावून रँक सुधारणं हा त्या काळी सर्रास चालणारा उद्योग होता.

हा डाव किती सोपा होता ते २०१९ मध्ये पुराव्यानिशी समोर आलं. युरोपातल्या संशोधकांनी ‘ट्रँको’ या आपल्या यादीबरोबर जो शोधनिबंध मांडला, त्यात त्यांनी दाखवलं की अलेक्साच्या दहा लाखांच्या यादीतला क्रमांक बदलायला पान उघडण्याची एखादी बनावट विनंतीसुद्धा पुरते. २०१८ च्या सुरुवातीपासून तर त्या यादीतली जवळपास निम्मी नावं दररोज बदलत होती. टीव्हीच्या टीआरपीबाबतही आपल्याकडे असाच वाद झाला. मीटर बसवलेल्या घरांना पैसे देऊन ठरावीक वाहिनी लावून ठेवायला सांगितलं जातं, असा आरोप करत ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी तपास सुरू केला; त्यातून उभा राहिलेला खटला पुढे राज्य सरकारने मागे घेतला. त्या खटल्यात खरं-खोटं काहीही असो, थोड्या नमुन्यावर मोठा पैसा अवलंबून असला की नमुन्याला हात लावायचा मोह होणारच.

‘पैसे भरले की रँक वाढतो’ हे मात्र अर्धसत्य. अलेक्साची एक सशुल्क योजना होती. तिच्यात मालक आपल्या पानांत अलेक्साचा कोड बसवायचा आणि मग अंदाजाऐवजी थेट मोजणी व्हायची. क्रमांक सुधारायचा, कारण आधीचा अंदाज तोकडा असायचा. पण पैसे भरणाऱ्याची मोजणी अचूक आणि न भरणाऱ्याचा अंदाज मोघम, आणि दोघंही एकाच यादीत! त्या यादीतल्या तुलनेला काय अर्थ उरला?

रँक चांगला असला की गूगल वर दाखवतं, हा समज तर निव्वळ खोटा. अलेक्साचा आणि गूगलच्या शोधनिकालांचा संबंध नव्हता. आज लोक ‘डोमेन ऑथॉरिटी’चा आकडा तशाच श्रद्धेने सांगतात. तो मॉझ या खासगी कंपनीचा अंदाज आहे, गूगलचा नाही.

आता अलेक्सा नाही, तिची जागा सिमिलरवेब, सेमरश, अहरेफ्स यांनी घेतली आहे. यांची पद्धत एकच असेल असं धरून चालू नका. सिमिलरवेब अनेक स्रोत एकत्र करून भेटींचा अंदाज देतं. अहरेफ्सवर दिसणारं ‘ऑरगॅनिक ट्रॅफिक’ त्याहून निराळं. कुठल्या शोधशब्दाला तुमचं पान कितव्या जागी येतं, तो शब्द महिन्यात किती वेळा शोधला जातो आणि त्या जागेवर साधारण किती जण क्लिक करतात, यावरून तो आकडा काढलेला असतो. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरत आलेला वाचक त्यात नाही, फेसबुकवरून आलेला नाही, पत्ता टाइप करून थेट आलेला नाही. मराठी लेख वाचले जातात ते मोठ्या प्रमाणात फॉरवर्ड होऊनच. तेव्हा या आकड्यात मराठी वेबसाइट खुजी दिसली तर तिचे वाचक कमी आहेत असं लगेच ठरवू नये.

याचा अर्थ ही टूलं कचऱ्यात टाकावीत असाही नाही. दोन मोठ्या वृत्तपत्रांच्या वेबसाइटची तुलना करायची असेल, किंवा एखादीचा वर्षभराचा कल बघायचा असेल, तर ती कामाची आहेत. चूक दोन्हीकडे सारखी असेल तर तुलना टिकते. क्रोम ब्राउझरच्या वापरावरून गूगल जी माहिती प्रसिद्ध करतं, तिच्यात नेमका क्रमांक दिलेलाच नसतो. पहिले हजार, पहिले दहा हजार, पहिले लाख असे गट असतात. मला हा प्रामाणिकपणा आवडतो. स्टॅनफर्ड आणि क्लाउडफ्लेअर यांच्या संशोधकांनी २०२२ मध्ये लोकप्रिय वेबसाइटच्या याद्या तपासल्या, तेव्हा प्रत्यक्ष वापराच्या सगळ्यात जवळ हीच आढळली.

मग आपल्या पानांत बसवलेल्या गूगल अ‍ॅनालिटिक्सवर तरी डोळे झाकून विश्वास ठेवायचा का? नाही. एकच माणूस फोनवर आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरवर वाचत असेल तर तिथे दोन वापरकर्ते दिसू शकतात. घरातल्या एका फोनवर तिघं वाचत असतील तर एकच. जाहिराती अडवणारी एक्स्टेन्शन अनेकदा मोजणीचा हा कोडही अडवतात. सर्व्हरच्या नोंदीत उलटं होतं, तिथे सर्च इंजिनांचे आणि इतर बॉट धो धो मोजले जातात. आणि ‘महिन्याला दहा लाख हिट्स’ असं कुणी सांगितलं तर आधी हसून घ्या. एका पानावर चाळीस चित्रं असतील तर ते पान एकदा उघडल्यावर एक्केचाळीस हिट्स होतात.

तरीही ही मोजणी तुमच्याच दारात झालेली असते आणि तिच्या चुका ओळखीच्या असतात. म्हणून जाहिरात देणाऱ्यांना एवढंच सुचवणं : बाहेरच्या टूलचा स्क्रीनशॉट घेऊ नका. वेबसाइटच्या अ‍ॅनालिटिक्सचा आणि गूगल सर्चमधून आलेल्यांची नोंद देणाऱ्या सर्च कन्सोलचा फक्त बघण्यापुरता अ‍ॅक्सेस मागा आणि किमान सहा महिन्यांचे आकडे पाहा. खरे वाचक असलेल्या मालकाला तो द्यायला पाच मिनिटं लागतात.