चौथा खांब कधी पडणार?

हरिश्चंद्रगड करून आलेला मित्र होस्टेलवर परतला की दोन गोष्टी हमखास सांगतो. एक कोकणकड्याची आणि दुसरी केदारेश्वराच्या खांबांची. गड आपल्याच जिल्ह्यातला, अकोले तालुक्यातला. वरच्या देवळाजवळ एका लेण्यात भलंमोठं शिवलिंग आहे, भोवती बर्फासारखं गार पाणी आणि चार बाजूंना चार खांब. त्यातले तीन तुटलेले, एकच शाबूत. लोक सांगतात, हे खांब म्हणजे चार युगं. सत्य, त्रेता आणि द्वापर संपलं तसा एकेक खांब तुटला. आता उरलाय तो कलियुगाचा. तो पडला की जगाचा शेवट!

मित्रांनो, हॉलिवूडच्या एखाद्या निर्मात्याला हे समजलं तर तो उद्याच कॅमेरा घेऊन पाचनईला उतरेल. कारण त्याचा ठरलेला मसाला इथे तयार आहे. एक प्राचीन जागा, एक भविष्यवाणी, आणि शेवटी आकाशातून उतरणारी तबकडी. हा मसाला इतका खपतो का, आणि त्यात खरं किती, हे जरा इंजिनिअरच्या नजरेने तपासून पाहू.

मसाला आला कुठून?

परग्रहवासीयांच्या हल्ल्याची गाजलेली पहिली कादंबरी एच. जी. वेल्सची, १८९८ सालची. त्यात मंगळावरचे प्राणी इंग्लंडवर चाल करून येतात आणि शेवटी आपल्याकडच्या साध्या रोगजंतूंनी मरतात. पुढे १९६८ मध्ये एरिक फॉन डेनिकेन यांनी उलटी बाजू मांडली. त्यांच्या मते परग्रहवासी पूर्वीच येऊन गेले आणि पुराणातले देव म्हणजे तेच. पुराव्याच्या कसोटीवर हे टिकलं नाही, पण लोकांना आवडलं. आपल्याकडेही सुरेशचंद्र नाडकर्णींचं 'पृथ्वीवर माणूस उपराच!' लोकांनी आवडीने वाचलं. या दोन धाग्यांची गाठ मारली की सिनेमा तयार. ते पूर्वी आले, जाताना भविष्य कोरून गेले आणि आता परत येणार!

मराठीत मात्र या विषयाला वेगळं वळण दिलं ते डॉ. जयंत नारळीकरांनी. त्यांच्या 'वामन परत न आला' मध्ये जमिनीत खोलवर एका प्रगत संस्कृतीचा ठेवा सापडतो. त्यातल्या ज्ञानावरून माणूस यंत्रमानव बनवतो आणि तो यंत्रमानवच धोका बनतो. म्हणजे आक्रमण आकाशातून होत नाही, आपल्या घाईतून होतं. त्यांच्या 'धूमकेतू' या कथेत एक धूमकेतू पृथ्वीवर आदळणार असं गणित निघतं. शास्त्रज्ञ यान पाठवून त्याची दिशा बदलतात. इकडे यज्ञही चालू असतो आणि संकट टळल्यावर श्रेय यज्ञाला मिळतं! नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले. ही कथा मात्र दर वेळी नव्याने खरी ठरते.

आधी युगांचं गणित

भविष्यवाणी तपासायची तर तिचेच आकडे घेऊ. परंपरेनुसार कलियुग ४,३२,००० वर्षांचं आणि त्याची सुरुवात इ.स.पू. ३१०२ मध्ये. म्हणजे आजवर ५१०० च्या थोडीशीच वर गेली. ४ लाख २६ हजारांहून अधिक वर्षं अजून शिल्लक आहेत. सबमिशनला भरपूर वेळ आहे!

दुसरा मुद्दा जास्त गमतीचा. द्वापरयुग संपलं तेव्हा त्याचा खांब तुटला म्हणतात. म्हणजे तो इ.स.पू. ३१०२ मध्ये तुटायला हवा. पण महाराष्ट्रात डोंगर कोरून लेणी करायची सुरुवातच साधारण २२०० वर्षांपूर्वीची. म्हणजे खांब कोरायच्या तीन हजार वर्षं आधीच तुटला म्हणायचं काय? हिशोब जुळत नाही. आधी खांब तुटले, मग त्यांना बघून कुणीतरी गोष्ट जोडली, हाच क्रम पटतो.

मग खांबांचं गणित

आता सिव्हिलवाल्या मित्रांचा प्रांत. तीन खांब तुटले तर छत का पडलं नाही? आपण इमारत बांधताना आधी कॉलम उभे करतो, मग वर स्लॅब टाकतो. लेणं म्हणजे उलटा कारभार. तिथे बांधकाम नाही, वजाबाकी आहे. छत म्हणजे डोंगरच. खांब म्हणजे खोदताना काढायचा शिल्लक ठेवलेला दगड. लहान दालनात वरचा भार कमानीसारखा वळून आजूबाजूच्या कातळात उतरतो. तुटलेल्या खांबाचा वरचा तुकडा छताला तसाच लटकलेला दिसतो, त्यावरून कुणी कुणाला धरलंय ते ओळखा! अशा ठिकाणी खांब तुटायला युग संपावं लागत नाही. दगडातली जुनी चीर, पायथ्याशी वर्षानुवर्षं साचलेलं पाणी आणि ओलं-सुकं होण्याचं चक्र एवढं पुरतं.

आणि ते परग्रहवासी?

आपल्या जिल्ह्याच्या शेजारी, नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. तिचे कान किती तिखट, तर ऑक्टोबर २०१६ मध्ये मंगळावर उतरणाऱ्या युरोपच्या 'श्यापरेली' यानाचा क्षीण संदेश तिने टिपला. आकाशातून येणारे पल्सारचे ठोके आणि हायड्रोजनचा आवाज ती ऐकते. पण आजवर जगातल्या कुठल्याच दुर्बिणीला परक्या संस्कृतीची खात्रीशीर हाक ऐकू आलेली नाही.

कारण अंतर. सूर्यानंतरचा सर्वात जवळचा तारा ४.२ प्रकाशवर्षं दूर आहे. व्हॉयेजर-१ सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर धावतं. त्या वेगाने तिथे पोचायला सुमारे ७५,००० वर्षं लागतील. एवढी पायपीट करून कुणी आपली खनिजं लुटायला येईल, हे खर्चाच्या हिशोबातच बसत नाही.

खरा प्रलय कातळात आहे

गंमत अशी की केदारेश्वराचा खांब ज्या दगडात कोरलाय, तो दगडच एका खऱ्या प्रलयाच्या काळातला आहे. कोकणकड्यावर एकावर एक दिसणारे थर म्हणजे बसाल्टचे, थिजलेल्या लाव्हाचे. दख्खनचा हा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिला. त्याच सुमारास मेक्सिकोच्या युकातानमध्ये दहा-पंधरा किलोमीटरचा लघुग्रह आदळला आणि डायनोसॉर संपले. त्यात आपल्या लाव्हाचा वाटा किती, यावर शास्त्रज्ञ अजून भांडतात. आणि योगायोग बघा, हे युकातान म्हणजे माया लोकांचा मुलूख. त्यांच्या कॅलेंडरचं एक चक्र २१ डिसेंबर २०१२ ला संपणार म्हणून अख्ख्या जगाला घाबरवलं गेलं. त्या दिवशी काहीच झालं नाही.

आपल्याला हे नवीन नव्हतंच. फेब्रुवारी १९६२ मध्ये अष्टग्रहीच्या भीतीने देशभर यज्ञ झाले. जुलै १९७९ मध्ये स्कायलॅब डोक्यावर पडणार म्हणून लोक धास्तावले, ते पडलं ऑस्ट्रेलियाकडे. सप्टेंबर २००८ मध्ये जिनिव्हाजवळच्या प्रयोगाने पृथ्वी गिळली जाईल असं चॅनेलवाले दिवसरात्र ओरडत होते. ते पाहून मध्य प्रदेशात एका शाळकरी मुलीने जीव दिल्याची बातमी तेव्हा आली. पृथ्वी राहिली, पोरगी गेली. अफवा फॉरवर्ड करताना हे जरूर आठवावं.

भविष्यवाणी आणि अंदाज

मग शास्त्रज्ञसुद्धा धोका सांगतातच की! फरक आहे तो सांगण्याच्या पद्धतीत. डिसेंबर २००४ मध्ये अपोफिस नावाचा लघुग्रह २०२९ मध्ये आदळण्याची शक्यता २.७ टक्क्यांपर्यंत गेली होती. तारीख, आकडा, चुकीची मर्यादा, सगळं उघड. आणखी निरीक्षणं झाली आणि शास्त्रज्ञांनीच ती शक्यता काढून टाकली. आता १३ एप्रिल २०२९ ला तो पृथ्वीपासून सुमारे ३२,००० किलोमीटरवरून, आपल्या टीव्हीच्या उपग्रहांपेक्षाही जवळून जाईल, पण आदळणार नाही. उद्या खरंच एखादा आदळणारा निघालाच, तर त्याचीही रंगीत तालीम झाली आहे. २६ सप्टेंबर २०२२ रोजी नासाचं 'डार्ट' यान डायमॉर्फॉस या छोट्या लघुग्रहावर मुद्दाम आदळलं. त्याचा ११ तास ५५ मिनिटांचा फेरा अर्ध्या तासाहून जास्त कमी झाला. नारळीकरांच्या 'धूमकेतू'तली कल्पना प्रत्यक्षात उतरली, तीही यज्ञाशिवाय.

थोडक्यात काय, जो अंदाज चुकू शकतो आणि चुकला की दुरुस्त होतो, त्याच्यावर विसंबावं. जी भविष्यवाणी कधीच चुकत नाही, नुसती पुढे ढकलली जाते, ती गोष्ट म्हणून ऐकावी. सिनेमा बघा, कादंबऱ्या वाचा, मजा घ्या. १३ एप्रिल २०२९ ला शुक्रवार आहे. मोबाईलवर काय काय फिरेल याची कल्पना आताच करा आणि त्या रात्री गच्चीवर जाऊन आकाश बघा.

राहता राहिला चौथा खांब. तो पडल्याने जग बुडणार नाही. पण शेकडो वर्षांपूर्वी कुणा कारागिराने छिन्नी-हातोड्याने कोरलेलं काम मात्र कायमचं जाईल. पुढच्या सुट्टीत गडावर गेलात तर त्याला टेकून फोटो काढू नका, त्यावर नाव कोरू नका, आणि कुणी कोरत असेल तर अडवा. कलियुग संपायला अजून लाखो वर्षं आहेत. तेवढा वेळ नाही, तर निदान आपल्या नातवंडांपर्यंत तरी तो टिकायला हवा.